नळीतील कार्बन डायऑक्साइडच्या उत्कलनाचा उष्णता-संक्रमण गुणांक कसा काढावा

कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या इव्हॅपोरेटरचा (शीतक जिथे उकळून उष्णता शोषते त्या भागाचा) आराखडा करताना आर-१३४ए या नेहमीच्या शीतकासाठी अंगवळणी पडलेले ठोकताळे तसेच वापरले, तर नळीचा व्यास आणि लांबी दोन्ही चुकतात. म्हणून गुणांकाचे (भिंतीच्या दर चौरस मीटरमधून, दर अंश तापमानफरकाला किती उष्णता जाते याच्या मापाचे) सूत्र निवडण्याआधी कामाच्या तापमानाचे गुणधर्म कागदावर मांडावेत. ० अंश सेल्सिअसला कार्बन डायऑक्साइडचा संपृक्त दाब (ज्या दाबाला तो त्या तापमानाला उकळतो) सुमारे ३४.९ बार, म्हणजे क्रांतिक दाबाच्या (ज्याच्या वर द्रव-वाफ भेद उरत नाही; ७३.८ बार) ४७ टक्के असतो, आर-१३४ए त्याच तापमानाला स्वतःच्या क्रांतिक दाबाच्या जेमतेम ७ टक्क्यांवर असते. द्रवाची घनता वाफेच्या साडेनऊ पटच भरते, आर-१३४ए मध्ये ती नव्वद पटींच्या आसपास जाते. पृष्ठताणही निम्म्याहून कमी असतो.

पृष्ठताण कमी आणि दाब जास्त असल्याने भिंतीवर बुडबुडे सहज जन्मतात, तर वाफ दाट असल्याने तिचा वेग फारसा वाढत नाही. परिणामी बुडबुड्यांचे उत्कलन प्रवाहजन्य संवहनावर (वाहत्या द्रवाने उष्णता नेण्यावर) मात करते. पहिल्या अंदाजासाठी कूपर यांचे १९८४ चे सूत्र पुरते. भिंतीचा खडबडीतपणा १ मायक्रोमीटर धरून, ५५ या स्थिरांकाला लघुकृत दाबाच्या (दाब भागिले क्रांतिक दाब) ०.१२ व्या घाताने, त्याच लघुकृत दाबाच्या दशमान लॉगॅरिदमचे चिन्ह बदलून येणाऱ्या संख्येच्या −०.५५ व्या घाताने, रेणुभाराच्या −०.५ व्या घाताने आणि वॅट प्रति चौरस मीटरमधील उष्णता-प्रवाहाच्या (भिंतीच्या दर चौरस मीटरमधून जाणाऱ्या उष्णतेच्या) ०.६७ व्या घाताने गुणावे. ० अंशाला, १० किलोवॅट प्रति चौरस मीटर उष्णता-प्रवाहावर, सुमारे ६.७ किलोवॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन हे उत्तर मिळते. आर-१३४ए साठी तेच सूत्र १.८ देते.

हा मोठा आकडा संपूर्ण नळीला लावणे ही या कामातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. बाष्पांश (एकूण वस्तुमानातील वाफेचा वाटा) वाढत जातो तसा भिंतीवरचा द्रवाचा थर पातळ होतो, कमी पृष्ठताणामुळे त्याचे थेंब वाफेत ओढले जातात, आणि आडव्या नळीत आधी वरचा भाग कोरडा पडून कोरडेपणा हळूहळू तळापर्यंत उतरतो. या टप्प्यात गुणांक झपाट्याने कोसळतो. संपृक्त तापमान किंवा उष्णता-प्रवाह वाढला की हा टप्पा आणखी अलीकडे, म्हणजे कमी बाष्पांशाला, येतो. त्यामुळे कोरडेपणा कोणत्या बाष्पांशाला सुरू होतो आणि कोठे पूर्ण होतो, हे आधी ठरवावे; आडव्या नळ्यांसाठी, ०.६ ते १० मिलिमीटर व्यासाच्या मर्यादेत, चेंग, रिबात्स्की, मोरेनो किबेन आणि थोम यांचा २००८ चा प्रवाह-नकाशा (कोणत्या बाष्पांशाला व प्रवाहाला द्रव-वाफ कशी वाहते हे दाखवणारा आलेख) याच कामासाठी आहे.

त्यानंतर नळीचे तुकडे पाडून प्रत्येकाचे उष्णता-संतुलन मांडावे. ६ मिलिमीटर अंतर्व्यासाच्या नळीत ३०० किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति सेकंद वस्तुमान-प्रवाह आणि वरीलच उष्णता-प्रवाह असेल, तर २३१ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम अप्रकट उष्म्याच्या हिशेबाने दर मीटरला बाष्पांश जवळजवळ ०.१ ने वाढतो. कोरडेपणाच्या सुरुवातीपर्यंतचे तुकडे वरच्या गुणांकाने आणि पुढचे वेगळ्या, कमी गुणांकाने मोजावेत.

दाबघटीची मात्र फार धास्ती नको: ० अंशाजवळ १ बार दाब घटला तरी संपृक्त तापमान साधारण १ अंशानेच उतरते, म्हणून बारीक नळी आणि जास्त प्रवाह येथे परवडतो. कॉम्प्रेसरमधून वाहून येणारे तेल दुर्लक्षून चालत नाही, कारण ते बुडबुड्यांचे उत्कलन दाबते आणि शुद्ध शीतकासाठी काढलेला गुणांक प्रत्यक्षात बराच खाली येऊ शकतो.