वृंदगानासाठी नवी रचना कशी निवडावी

ध्वनिमुद्रण ऐकलं, आवडलं, की ती रचना लगेच बसवायला घ्यावीशी वाटते. पण ऐकलेला आवाज दुसऱ्या वृंदाचा असतो. म्हणून निवडीची सुरुवात तालमीला प्रत्यक्ष येणाऱ्या गळ्यांपासून करावी.

आधी गळे मोजा

सोप्रानो (स्त्रियांचा उंच आवाज), आल्टो (स्त्रियांचा खालचा), टेनर (पुरुषांचा उंच) आणि बेस (पुरुषांचा खालचा) असे चार रकाने आखा. प्रत्येकात दोन आकडे लिहा: एकूण गायक किती, आणि शेजाऱ्याच्या आधाराशिवाय आपली ओळ धरून ठेवणारे किती. निवड दुसऱ्या आकड्यावर करायची.

समजा टेनर २ आहेत आणि भरवशाचा एकच. तरीही चार भागांची रचना घेऊन टेनरना जमेल तसं गाऊ देणं ही नेहमी होणारी चूक. स्वरसंगती (एकत्र गायलेले स्वर) मेजर आहे की मायनर, म्हणजे ढोबळमानाने उजळ की उदास, हे ठरवणारा स्वर अनेकदा टेनरकडेच असतो. तो ऐकू आला नाही की संगती पोकळ वाटते. ती ओळ आल्टोंना दिली, तर खालच्या स्वरांवर त्यांचा आवाज विरतो. त्यापेक्षा सोप्रानो, आल्टो आणि पुरुषांचा एकच भाग अशी रचना घ्यावी. मात्र पुरुषांची ती ओळ नीट तपासा. मधल्या सीच्या (पियानोच्या मध्यावरचा सी हा स्वर) एक सप्तक खालपासून मधल्या सीच्या जेमतेम वरपर्यंत ती फिरत असेल, तर टेनर आणि बेस दोघांनाही पेलते.

एकाच भागाचे मध्येच दोन भाग होतात, अशी पानंही शोधून ठेवा. ४ बेस २-२ असे वाटले आणि त्या दिवशी एक जण आला नाही, तर एक ओळ एकाच गळ्यावर पडते.

पल्ला पाहा, त्याहून जास्त मुक्काम पाहा

हौशी प्रौढ वृंदासाठी प्रत्येक भागाला साधारण दीड सप्तक धरावं. सोप्रानोंचा पल्ला मधल्या सीपासून वर, आल्टोंचा त्याखालच्या जीपासून. टेनर मधल्या सीच्या एक सप्तक खालून सुरू होतात, बेस आल्टोंच्या जीच्या एक सप्तक खालून. टेनरची ओळ ट्रेबल क्लेफमध्ये (उंच स्वर लिहिण्यासाठी ओळीच्या सुरुवातीला असणारं चिन्ह) असेल आणि खाली ८चा आकडा असेल, तर स्वर लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली गायचे असतात. ती वाचून उगाच घाबरू नका.

पण खरी परीक्षा टोकाच्या स्वरांची नसते. सोप्रानो वरच्या एला एकदा स्पर्श करून खाली येत असतील, तर बिघडत नाही. दोन पानं सतत वरच्या डी, ई, एफवरच घुटमळत असतील, तर गळा थकतो, सूर उतरतो आणि साथीशिवायच्या रचनेत अख्खा वृंद त्यांच्या मागे खाली येतो. पेन्सिल घेऊन अशा जागांवर खुणा करा. वरच्या स्वरावर शब्दातला ‘ई’सारखा आवळलेला उच्चार लांबवायचा असेल, तर तिथे दुहेरी खूण. पट्टी एका स्वराने उतरवायची ठरवलीत, तर बेसचा तळ पुन्हा तपासा.

अवघड कुठे आहे?

पानावर काळ्या नोटा (छोट्या कालावधीच्या स्वरांच्या खुणा) कमी दिसल्या म्हणजे रचना सोपी, असं नाही. मोझार्टची १७९१ मधली ‘आवे वेरुम कॉर्पुस’ ही लॅटिन प्रार्थना अवघी ४६ बारांची (तालाच्या आवर्तनांसारखे छोटे खंड) आहे, संथ आहे, पल्लाही बेताचा. तरीही ती नवख्या वृंदाला उघडं पाडते: लांब वाक्यं हळू आवाजात धरायची, अर्ध्या स्वराने सरकणाऱ्या जागा नेमक्या लावायच्या, आणि शेवटाकडे स्त्रियांची ओळ पुरुष मागाहून उचलतात तेव्हा डगमगायचं नाही.

प्रत्येक भाग जिथे नव्याने सुरू होतो, तिथे थांबा आणि पाहा: हा पहिला स्वर आधीच्या बारमध्ये कुणाकडे होता? दुसऱ्या भागात किंवा पियानोत तो सापडत असेल, तर प्रवेश सोपा. सापडत नसेल, तर त्या एका स्वरासाठी दर तालमीत वेळ जाणार. पियानो गायकांच्याच ओळी वाजवतो की वेगळंच काही, हेही इथेच पाहून घ्या. यानंतर चारही ओळी एकेक करून, पियानो न वाजवता, स्वतः मोठ्याने गा. कंटाळवाणी ओळ बहुधा आल्टोंची निघते. तीन पानं एकाच स्वरावर उभं राहायला कुणालाच आवडत नाही.

क्षमता एकसारखी नसेल तर

कॅनन उत्तम: सर्वांची ओळ एकच, पण एकामागून एक सुरू होणारी, म्हणून ऐकायला बहुस्वरी. ठाम मुख्य ओळ आणि वर तीन-चार अनुभवी गळ्यांसाठी वेगळी ओळ असलेली रचनाही चालते. आवाज फुटत असलेल्या मुलांना पाच-सहा स्वरांत फिरणारी ओळ द्या आणि त्यांचा पल्ला दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. त्यांना जबरदस्तीने बेसमध्ये बसवू नये.

सहा रचनांचा कार्यक्रम असेल, तर दोन लवकर बसणाऱ्या, तीन मेहनतीच्या आणि एकच ताकदीबाहेर खेचणारी, हे प्रमाण झेपतं.

प्रती घेण्याआधी

नमुना प्रत मागवून सर्वांत कठीण पान तालमीत निम्म्या लयीत वाचून पाहा. अर्ध्या तासात त्याला काही आकार येत नसेल, तर रचना पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवा. शब्दांचा अर्थ आणि उच्चार कोण सांगणार, हेही आत्ताच ठरवा. चाल जुनी असली तरी तिच्या नव्या मांडणीवर स्वामित्वहक्क असू शकतो; तो असेल तर झेरॉक्स न काढता गायकांइतक्या प्रती विकत घ्या. पियानोवादकाची आणि संचालकाची प्रत मोजायला विसरू नका.