बोर्गरचं ह्यूनेबेड नीट कसं बघायचं

नेदरलँड्स म्हटलं की ॲमस्टरडॅम, कालवे, ट्युलिप, आणि मग लोक परत फिरतात. पण तिथली सगळ्यात जुनी बांधकामं बघायची असतील तर ईशान्येला ड्रेंथे प्रांतातल्या बोर्गर नावाच्या छोट्याशा गावात जायला लागतं. उच्चार 'बोर्खर'च्या जवळ जातो, त्यामुळे बसमध्ये तसं ऐकू आलं तर आपलंच गाव आलंय समजा. तिथे ह्यूनेबेड आहे, म्हणजे प्रचंड धोंड्यांचं थडगं, ५००० वर्षांहून जुनं, इजिप्तमधल्या खुफूच्या पिरॅमिडच्याही कितीतरी आधीचं.

जायचं कसं, तर ट्रेनने ग्रोनिंगेन किंवा एमेन गाठा आणि तिथून बस. वेगळं तिकीट काढायची गरज नाही, बँकेचं कार्ड चढताना टॅप करायचं आणि उतरतानाही आठवणीने टॅप करायचं, नाहीतर जास्त पैसे कापले जातात. गाडी असेल तर एन ३४ रस्ता, त्याला लोक ह्यूनेबेड हायवेच म्हणतात.

आता महत्त्वाचं. शेजारीच ह्यूनेबेड सेंटर हे म्युझियम आहे आणि सगळे आधी तिकडेच घुसतात, पण माझं ऐकाल तर आधी धोंडे, मग म्युझियम, मग परत धोंडे. म्युझियमला तिकीट आहे, धोंडे उघड्यावर आहेत आणि फुकट आहेत. सकाळी लवकर गेलात तर शाळेच्या सहली यायच्या आत शांतपणे बघता येतं.

बोर्गरच्या या ह्यूनेबेडचा नंबर डी २७ (डी म्हणजे ड्रेंथे), देशातलं सगळ्यात मोठं ह्यूनेबेड, लांबी साधारण साडेबावीस मीटर, वर ९ छताच्या शिळा आणि त्यातली सगळ्यात जड जवळजवळ २० टनांची. पहिल्यांदा फोटो न काढता सावकाश एक फेरी मारा. मग दक्षिणेच्या लांब बाजूला या, तिथे मधोमध आत जायची वाट आहे, तिच्यासमोर उकिडवे बसा आणि आत बघा. बाहेरून ओबडधोबड दिसणाऱ्या शिळांची सपाट बाजू मुद्दाम आतल्या अंगाला केलेली दिसेल, आतली खोली नीट दिसावी म्हणून केलेलं काम आहे ते, आणि ते बघितलं की हे नुसते रचलेले धोंडे नाहीत हे एकदम कळतं. आता मनातल्या मनात फटींमध्ये छोटे दगड भरा आणि सगळ्यावर मातीचा ढीग घाला, कारण मूळचं थडगं तसंच होतं, आपण बघतो तो फक्त सांगाडा.

हे दगड तिथल्या खाणीतले नाहीत, त्या भागात खडकच नाही. साधारण दीड लाख वर्षांपूर्वी हिमयुगातल्या बर्फाने ते स्कँडिनेव्हियाकडून ढकलत आणले. पुढे इथे पहिली शेती करणारे लोक आले, फनेलसारखं पसरट तोंड असलेली भांडी बनवणारे, त्यांनी ते धोंडे उचलून पूर्वजांसाठी ही घरं बांधली. हाडं आम्लधर्मी वाळूत जवळजवळ विरघळून गेली पण भांडी टिकली, ती म्युझियममध्ये बघा, आणि त्यावरची बारीक टोचून काढलेली नक्षी अगदी जवळून बघा.

ही थडगी राक्षसांनी बांधली असं १६६० मध्ये पिकार्ट नावाच्या पाद्र्याने लिहिलं होतं, ह्यूने म्हणजे राक्षसच. १६८५ मध्ये तितिया ब्रोंगर्स्मा या कवयित्रीने बोर्गरला खोदकाम करवलं आणि आत मडक्यांचे तुकडे सापडले. बाईंचं नाव खरंतर अजून मोठं व्हायला हवं होतं.

आणि मला सगळ्यात भावणारी गोष्ट १७३४ ची. समुद्राच्या बांधांचं लाकूड एक किडा पोखरायला लागला, बांध दगडाने मजबूत करायची वेळ आली, दगडाला भाव आला आणि लोक ह्यूनेबेडं फोडून विकायला लागले, तेव्हा ड्रेंथेने धोंडे हलवायला बंदी घातली. म्हणून आज ५४ उरलीत, ५२ ड्रेंथेत आणि २ शेजारच्या ग्रोनिंगेन प्रांतात. त्यामुळे प्लीज वर चढू नका, मुलांनाही चढवू नका, आधीच खूप गेलंय. विसाव्या शतकात फान खिफन या पुरातत्त्वज्ञाने सगळ्यांना नंबर दिले आणि जिथली शिळा गेली होती तिथे जमिनीत काँक्रीट भरून खूण केली. असे काँक्रीटचे तुकडे पायाशी दिसले तर समजा, इथे एक दगड होता.

वेळ असेल तर सायकल भाड्याने घ्या. सायकलच्या रस्त्यांवर चौकाचौकाला नंबर दिलेले असतात (ह्यूनेबेडांचे नव्हे), त्या पाट्या बघत गेलं की रस्ता चुकत नाही, नकाशावरून पुढच्या चौकांचे दोन-तीन नंबर कागदावर लिहून घेतले की झालं. बाउनेनची डी २८ आणि डी २९ अगदी जवळ आहेत, पण एकच अजून बघायचं असेल तर स्खोनोर्टजवळचं डी ४९ बघा. झाडीत आहे, आणि १९५० च्या दशकाच्या शेवटी त्याचा अर्धा भाग मातीखाली झाकून मूळ रूपात आणलाय, अर्धा उघडाच ठेवलाय. उघड्या बाजूने बघत बघत झाकलेल्या बाजूला जा आणि वाकून आत डोकवा. बोर्गरला जो ढीग मनात घातला होता तो इथे खरोखरचा आहे, आणि आत अंधार किती दाट असेल तेही कळतं.