पहिली-दुसरीच्या वर्गात ऋतू आणताना या चुका टाळा

जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात पाऊस आलेला असतोच असं नाही. बऱ्याच वर्षी तो नसतोच. वर्गात मात्र पहिल्याच आठवड्यात पावसाळा सुरू होतो. छत्रीचं चित्र, बेडकाचं चित्र, कागदाच्या होड्या. बाहेर शेतात ढेकळं कोरडी, घरी वडील आभाळाकडे डोळे लावून बसलेले, आणि आम्ही आत पावसाची गाणी म्हणतोय. सुरुवातीची काही वर्षं मी हेच केलं. एकदा एका पोराने विचारलं, "बाई, पाऊस पडलाय का?" त्या प्रश्नाने माझं नियोजनच बदललं.

तेव्हापासून मी ऋतूंचे उपक्रम तारखेला बांधत नाही, खुणेला बांधते. पहिला पाऊस झाला की होड्या. तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, शेतात गेली की बियांचा आठवडा. मुलं काडेपेटीतून मखमली लाल मृगाचे किडे घेऊन आली की तो दिवस किड्यांचा. पाय मोजायचे, चित्र काढायचं, आणि सुटीच्या आधी सगळ्यांनी मिळून ते परत ओल्या मातीत सोडायचे. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी नियोजनात, महिना लिहावा लागतो, तो लिहा. पण त्या महिन्यातला दिवस बाहेर बघून ठरवा.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे मोबाइलवरून उतरवलेली तयार चित्रं. हिवाळा म्हटलं की बर्फाचा माणूस, ऑक्टोबर म्हटलं की तांबडी-पिवळी झालेली झाडं. आमच्या मुलांनी यातलं काही पाहिलेलं नाही. आमची पानगळ दिसते फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हाच पळस फुलतो आणि थोड्याच दिवसांत पिंपळाला तांबूस कोवळी पानं येतात. आमचा हिवाळा म्हणजे सकाळचं धुकं, शेकोटी, पेटीतून निघालेलं स्वेटर आणि पुढे ज्वारीचा हुरडा. सहा वर्षांच्या मुलाला 'तुला काय दिसलं?' असं विचारायचं असेल, तर त्याला दिसू शकेल अशीच गोष्ट समोर हवी.

बी उगवत नाही, उलट कुजतं

पेल्यात कापूस, कापसावर बी आणि वर भरपूर पाणी. चौथ्या दिवशी वास येतो आणि मुलं नाक मुरडतात. बियाला पाण्याइतकीच हवाही लागते. पाण्यात बुडालेलं बी गुदमरतं. कापूस ओला हवा, पण पेला तिरपा केला तर तळाशी पाणी जमा होता कामा नये. पाणी घालायला बाटली देऊ नका, चमचा द्या. तीस मुलं आळीपाळीने 'थोडंसंच' पाणी घालतात, तेव्हा त्याचं किती होतं ते आपल्या लक्षात येत नाही. त्यासाठी रोज एकाची पाळी लावा.

बीही निवडून घ्या. धने उगवायला आठवडा-दहा दिवस लागतात, तोवर पहिलीचं मूल ते विसरून गेलेलं असतं. मटकी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधली की एक-दोन दिवसांत मोड दिसतात. आधी मटकी, मग मेथी, आणि धीर आला की मका.

पर्जन्यमापक खोटं बोलतं

दुसरीच्या मुलांना मोजायला फार आवडतं, आणि आमच्याकडे पावसाचा आकडा हा घरातला विषय आहे. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, हे पालकांना तोंडपाठ असतं. म्हणून प्लास्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक करतोच. त्यात तीन चुका हमखास होतात. मध्ये चेमटलेली, नक्षीची बाटली घेतली तर आकडा चुकतो, सरळ अंगाचीच घ्या. तळ उंचसखल असतो, म्हणून तळाशी खडे टाकून ते बुडेपर्यंत पाणी घाला आणि तिथे शून्याची रेघ मारा. बाटलीचा कापलेला वरचा भाग उलटा करून तोंडावर बसवायचा. आणि ती भिंतीला टेकवून किंवा झाडाखाली ठेवायची नाही, मैदानात विटांच्या आधाराने उभी करायची. वाचन रोज त्याच वेळी, परिपाठाच्या आधी. रविवारचं आणि सोमवारचं वाचन एकत्र झालं तर ते दोन दिवसांचं आहे हे मुलांसमोरच फळ्यावर लिहा.

पोळ्याचे बैल का तडकतात

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण वर्षातलं सगळ्यात मोठं रडू याच दिवशी येतं. मुलं मन लावून बैल करतात, दुसऱ्या दिवशी बघतात तर पाठीवर भेग आणि एक पाय बाजूला पडलेला.

दोष मुलांच्या हातांचा नसतो, मातीचा असतो. आमची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, तशाच बैलालाही पडतात. म्हणून निव्वळ काळी माती वापरू नका. ती दोन दिवस आधी वाळवून, कुटून, चाळणीने चाळा आणि तिच्यात चाळलेली राख किंवा बारीक वाळू मिसळा. मी साधारण तीन ओंजळी मातीला एक ओंजळ वाळू घेते. पण माती गावागणिक बदलते, म्हणून आधी एक बैल स्वतः करून वाळवून बघा. गावात कुंभार असेल तर सरळ त्यांच्याकडे जा. आमच्याकडचे कुंभारकाका एका दुपारी वर्गात येऊन बसले, तेव्हा मुलांनी माझ्याकडून वर्षभरात शिकलं नव्हतं तेवढं अर्ध्या तासात पाहून घेतलं.

दुसरी चूक जोडणीची. पाय वेगळे वळून पोटाला चिकटवले की वाळल्यावर ते सुटणारच. एकाच गोळ्यातून चारही पाय ओढून काढायला शिकवा, आणि पाय आखूड व जाड ठेवायला सांगा. शिंगं चिकटवावीच लागली तर दोन्ही बाजू काडीने खरवडून मध्ये पातळ चिखल लावायचा. तिसरी चूक म्हणजे घाई. बैल लवकर वाळावेत म्हणून उन्हात ठेवले की वरचा थर आधी आकसतो, आत ओल राहते, आणि भेग पडते. सावलीत, ओल्या फडक्याखाली एक दिवस, मग उघडे दोन-तीन दिवस. श्रावणातल्या दमट हवेत चार दिवसही लागतात. म्हणून बैल पोळ्याच्या आदल्या दिवशी करायचे नाहीत, आठवडाभर आधी करायचे. रंग पूर्ण वाळल्यावरच.

आणि कृपा करून मुलाचा बैल तुम्ही 'नीट' करून देऊ नका. फोटोत तो छान दिसेल, पण तो त्याचा राहणार नाही. तीन पायांचा बैलही पूजेला ठेवा.

रात्री आठचा निरोप

'उद्या पांढरा सदरा, टाळ आणि तुळस आणणे.' आषाढीच्या दिंडीचा असा निरोप पालकांच्या गटावर रात्री पडतो आणि रोजंदारीवरून दमून आलेली आई हातउसने पैसे शोधत फिरते. साहित्य शाळेत जमवा, एक पेटी करा, ती दरवर्षी वापरा. विठ्ठल-रखुमाईच्या वेशाला तीच दोन गोरी, नीटस मुलं निवडली जातात, तेही थांबवा. चिठ्ठ्या टाका.

दिवाळीनंतरच्या मोकळ्या जागा

आमच्या वर्गाचा खरा ऋतुबदल दसरा-दिवाळीच्या सुमारास होतो. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, गाडी येते, कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणारी कुटुंबं साखर कारखान्याकडे निघतात आणि वर्गातल्या कितीतरी जागा रिकाम्या होतात. मुलं परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. तरी आपण 'माझं झाड' नावाचा उपक्रम असा आखतो की एक मूल, एक रोप, वर्षभर. भिंतीवर पूर्ण हजेरीचे तारे लावतो. जे मूल स्वतःच्या इच्छेने गेलेलं नाही, त्याचं रोप वाळतं आणि त्याच्या नावापुढे तारा नसतो. परत आल्यावर तो ते दोन्ही बघतो.

रोप दोघांत द्या, एक जाणारा आणि एक राहणारा. हजेरीचे तारे काढूनच टाका. मूल आजी-आजोबांजवळ राहू शकत असेल, तर हंगामी वसतिगृहाची (मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या सोयीची) माहिती पालकांना दिवाळीच्या आधी द्या, गाडी दारात उभी असताना नाही. जाणाऱ्या मुलाचं शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवायचं कार्ड, वेळेत भरा. त्याच्या दप्तरात एक साधी वही द्या, दर महिन्याला एक पान, त्यावर दिसेल त्याचं चित्र. हजेरीपटावरचं त्याचं नाव रोज घ्या. उरलेली मुलं "कारखान्याला गेलाय" असं उत्तर देतात, ते देऊ द्या.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते आणि ही मुलं एकेक करून मागच्या ओळीत येऊन बसतात. त्या दिवशी मागे पडलेला धडा काढू नका. त्यांना विचारा, तिकडे काय काय होतं, आणि ते सांगतील ते शब्द फळ्यावर लिहा: फड, मोळी, वाढं, पाचट, कोपी. फड म्हणजे तोडणीचं उसाचं शेत, वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं, आणि कोपी म्हणजे तिथली राहायची झोपडी. दुसरीच्या मुलाला वाचता येतील असेच हे शब्द आहेत. गेल्या वर्षी कोपीचं चित्र काढायला मी एका मुलीला फळ्याजवळ बोलावलं. तिने दाराशी चूल काढली, चुलीजवळ धाकटा भाऊ काढला, आणि मग वर्गाकडे वळून एकेक शब्द बोटाने दाखवत वाचला.