काळजीवाहकांचं प्रशिक्षण गाठोड्यापासून सुरू करा

बेघर निवारा केंद्रात मी लागले तेव्हा माझं प्रशिक्षण सभागृहात झालं. प्रोजेक्टर, चहा-बिस्किटं, संध्याकाळी प्रमाणपत्र. पहिल्याच आठवड्यात मी एका आजोबांचं गाठोडं वास येतो म्हणून बाहेर व्हरांड्यात ठेवलं. पहाटे आजोबा गाठोड्यासकट निघून गेले, ते परत आलेच नाहीत. आता नव्या मुलामुलींना मी शिकवते, तेव्हा पहिलं गाठोडंच घेते.

शहरी गरिबांसाठी केंद्राची जी दीनदयाळ अंत्योदय योजना 2024 पर्यंत चालली, तीत निवाऱ्यात माणशी किमान 50 चौरस फूट जागा धरली होती. फरशीवर खडूने 5 बाय 10 फुटांचा चौकोन आखा. जे गमावणं परवडणार नाही ते एका पिशवीत भरून आणायला सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. पिशवी उशाशी घेऊन अर्धा तास पडू द्या. मग दुसऱ्याला ती न विचारता उचलायला सांगा. कुणीतरी ओरडतंच. तिथून बोलायला सुरुवात करा.

दुसरा भाग रात्री अकरानंतर, एसटी स्टँडवर. दोघांनाच न्या. घोळका दिसला की माणसं उठून पळतात, ‘उचलायला आले’ असं वाटतं. भीक मागण्याविरुद्धचा 1959 चा कायदा त्यांना कलमानं नाही, अनुभवानं ठाऊक असतो. टॉर्च तोंडावर मारायची नाही, पांघरूण ओढायचं नाही. दोन हात अंतरावर उकिडवं बसायचं, आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग ‘काका, जेवलात का?’ आधार कार्डाचा विषय त्या रात्री काढायचाच नाही. काका नाही म्हणाले तर उद्या पुन्हा जायचं. मला एका मावशींना आणायला सतरा रात्री लागल्या.

कायदा थोडाच शिकवा, पण हाताने लिहून घ्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रस्त्यावर भटकणाऱ्या मानसिक आजारी माणसाला पोलिसांनी ताब्यात घेतलं, तर 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं, कोठडीत ठेवता येत नाही. पोलीस ठाण्याला द्यायचा अर्ज प्रत्येकाने स्वतः लिहावा. दोन आठवड्यांहून जुना खोकला दिसला की क्षयासाठी थुंकी तपासायला पाठवायचं, हेही तेव्हाच सांगा.

एक तास निवाऱ्यातल्याच रहिवाशाला शिकवू द्या. डॉक्टरांना जेवढं मानधन देता तेवढंच त्यांनाही द्या, हातात, सगळ्यांसमोर.

महिन्याने पुन्हा बसा. प्रत्येकाने आपली बिघडलेली एक रात्र सांगायची. त्या बैठकीला साहेबांना बोलावू नका.