घरातल्या माणसाला पोलिसांनी उचललं तर पहिल्या चोवीस तासांत काय करायचं

शनिवारी रात्री साडेनऊला फोन आला, मावसभावाला पोलिसांनी नेलंय, कोल्हापुरात रंकाळा तलावावर गाडी लावण्यावरनं मारामारी झालेली. मग काय, मामांनी नगरसेवकाला फोन लावला, काकांनी ओळखीच्या हवालदाराला, आत्या रडत बसली, आणि दोन तासांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की पोरगं नेमकं कुठल्या ठाण्यात आहे हे कुणी विचारलंच नाही. त्या रात्री आम्ही जे चुकलो आणि नंतर वकिलाकडनं जे कळलं ते इथं लिहितोय. आपल्याकडं ओळखी काढण्यात वेळ जातो, तेवढ्यात दोन कागद मागितले असते तर जास्त फायदा झाला असता.

सगळ्यात आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. किती वाजता नेलं, कुठनं नेलं, कोण बघत होतं. कायदा सांगतो की अटक केलेल्याला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, प्रवासाचा वेळ सोडून, आणि हे संविधानाच्या कलम २२मध्येच आहे. आता गंमत अशी की माणूस संध्याकाळी सातला नेतात आणि कागदावर अटक दाखवतात दुसऱ्या दिवशी अकराला. आमच्या बाबतीत हेच झालं. पण मुंबई हायकोर्टाने १९९०मध्येच सांगितलंय की माणसाला अडकवून ठेवलं तिथनं अटक सुरू, कागदावर काय लिहिलंय ते नंतर. म्हणून जवळच्या पानटपरीचा कॅमेरा, फोनवरचा कॉल, मेसेज हे सगळं जपून ठेवा, ते पुढं वकिलाच्या कामाला येतं.

मग ठाणं शोधा. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी, जुना राजवाडा, नाहीतर थेट स्थानिक गुन्हे शाखेनं नेलेलं असतं. सापडत नसेल तर ११२ला फोन करा. प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात अटक झालेल्यांची नावं ठेवणारा एक अधिकारी नेमायचा असं नव्या कायद्यात लिहिलेलं आहे, म्हणजे १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत. अटक झाली की घरच्यांना किंवा मित्राला कळवायचं ही पोलिसांचीच जबाबदारी आहे, तुम्ही उपकार मागत नाही.

ठाण्यात गेलं की आवाज चढवू नका, ठाणे अंमलदाराला सरळ विचारा, 'साहेब, अटक आहे का चौकशी?' इथंच सगळा फरक पडतो. चौकशीला बोलवायचं असेल तर लेखी नोटीस पाहिजे, त्याच संहितेच्या कलम ३५(३)ची. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात लगेच अटक करायची नाही, करायची तर कारणं लिहायची, हे सुप्रीम कोर्टानं २०१४च्या अर्नेश कुमार निकालात सांगितलंय. आपल्याकडच्या बहुतेक भांडणमारामाऱ्या यातच बसतात. नोटीस आली असेल तर मात्र टाळू नका, ठरल्या वेळेला जा, कारण नोटीस पाळणाऱ्याला शक्यतो अटक करत नाहीत आणि न पाळणाऱ्याला करता येते. बाई असेल, १५ वर्षांखालचा मुलगा असेल किंवा ६०च्या वरचा माणूस, तर साक्षीदार म्हणून जबाब घ्यायला पोलिसांनीच घरी यायचं असतं. आणि बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची नाही, अपवाद असेल तरी महिला पोलीस आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी पाहिजे.

अटकच असेल तर दोन कागद मागा. एक अटक पंचनामा, त्यावर घरातल्या किंवा भागातल्या एका माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही असते, वेळ नीट बघूनच सही करायला सांगा. दुसरा कागद अटकेच्या कारणांचा. नुसतं 'कलम अमुक अमुक' लिहून चालत नाही, याला नेमका का पकडला ते त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यायचं, आणि हे सगळ्या गुन्ह्यांना लागू आहे, निदान रिमांडच्या, म्हणजे कोठडी मागायला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायच्या, दोन तास आधी तरी द्यायचं असं सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२५मध्ये सांगितलं. हा कागद दिला नसेल तर वकिलाच्या हातात मोठा मुद्दा येतो.

आता जबाब. इथं माणसं फार फसतात. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणावर नाही, आणि तपासात घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. पण एक पाचर आहे जी सिनेमात दाखवत नाहीत. 'काठी रंकाळ्यात टाकलीय' असं सांगितलं आणि ती तिथं खरंच सापडली, तर तेवढा भाग कोर्टात वापरता येतो. म्हणून आत गेलेल्याला एवढंच सांगा, नाव पत्ता सांग, बाकीचं वकील आल्यावर. चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क आहे, पूर्ण वेळ शेजारी बसायचा नाही, पण भेटायचा नक्की.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. कस्टडीत असलेला कुणीही असो, त्याला विधी सेवा प्राधिकरणाकडनं फुकट वकील मिळतो, पगार कितीही असू दे. जिल्हा प्राधिकरणाचं ऑफिस कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात आहे, नाहीतर १५१००ला फोन करा. आमच्या आत्याला वाटलं होतं सरकारी वकील म्हणजे पोलिसांचाच माणूस, तर तो वेगळा आणि हा वेगळा.

कोर्टात नेण्याआधी मेडिकल होतं, आपल्याकडं बहुतेक सीपीआर या सरकारी दवाखान्यात. मार लागला असेल तर डॉक्टरला सांगायचं, दाखवायचं, घाबरून 'पडलो' म्हणायचं नाही, कारण ते लिहिलं गेलं की नंतर पुसता येत नाही. मॅजिस्ट्रेट पण विचारतात, 'पोलिसांबद्दल काही तक्रार?' तिथं मान हलवून मोकळं होऊ नका. रविवार असला तरी सुट्टीचं रिमांड कोर्ट असतं, 'आज रविवार, उद्या बघू' हे उत्तर घेऊ नका.

तिथनं पुढं पीसीआर नाहीतर एमसीआर. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे बिंदू चौक नाहीतर कळंबा जेल. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, ठाण्यातच सोडायला पाहिजे, आणि आठवड्यात जामीनदार मिळाला नाही तर माणूस गरीब आहे असं धरून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायचं असतं. अजामीनपात्र असेल तर कोर्टात अर्ज. जामीनदाराचं रेशनकार्ड, आधार, घरफाळ्याची पावती नाहीतर सातबारा आधीच काढून ठेवा, ऑर्डर झाल्यावर कागदासाठी दोन दिवस धावायला लागलेली माणसं मी बघितलीत.

आणि एक तारीख कॅलेंडरवर गोल करा. पोलिसांनी ६० दिवसांत, मोठ्या गुन्ह्यात ९० दिवसांत, दोषारोपपत्र दिलं नाही तर जामीन मिळतोच. पण तो मागावा लागतो, आपोआप नाही, अर्ज करायच्या आत दोषारोपपत्र आलं की हक्क गेला.

अटकच झाली नाहीये पण होईल अशी भीती असेल तर अटकपूर्व जामीन. आधी बावड्याला सेशन्स कोर्टात, नाही झालं तर हायकोर्ट. पूर्वी यासाठी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरून मुंबईला जायला लागायचं, १८ ऑगस्ट २०२५पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टात सुरू झालंय, आता केएमटीच्या सिटी बसनं जाता येतं.

जामीन झाला की ऑर्डर स्वतः वाचा. भावाच्या ऑर्डरमध्ये दर सोमवारी ठाण्यात हजेरी होती, दोनदा 'साहेब नाहीत, उद्या ये' म्हणून परत पाठवलं, तो तसाच परत आला आणि पुढच्या तारखेला हजेरी चुकली म्हणून नाव आलं. आता तो जुन्या शाळेच्या वहीत तारीख, वेळ, ड्युटीवर कोण होतं ते लिहितो आणि ठाण्याच्या दारात मोबाईलवर फोटो काढतो. ती वही वकिलानं गेल्या तारखेला मागून घेतली.