ड्रॅग बोटीचं डायकास्ट मॉडेल: घेताना काय पाहायचं, घेतल्यावर कसं जपायचं

ड्रॅग बोट म्हणजे थोड्या अंतरात सरळ रेषेत शर्यत लावणारी वेगवान बोट, आणि डायकास्ट म्हणजे साच्यात धातू ओतून केलेलं मॉडेल. मोटारींची मॉडेल्स जमवणारा माणूस ड्रॅग बोटीचं मॉडेल पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा ते त्याला हलकं लागतं. त्यात फसवणूक असेलच असं नाही. बोटीचा हल, म्हणजे तिचं मुख्य शरीर, लांब आणि आतून पोकळ असतो, त्यामुळे बऱ्याच मॉडेल्समध्ये जस्ताच्या मिश्रधातूचा डेक आणि प्लॅस्टिकचा तळ अशी जोडणी सापडते, काहींत उलट. खोक्यावर ‘डायकास्ट’ छापलेलं असलं तरी कुठला भाग धातूचा आहे हे स्वतः तपासावं. लोहचुंबकाचा इथे उपयोग नाही, कारण जस्तालाही तो चिकटत नाही. नखाने हलकी टिचकी मारा: धातू टणक वाजतो आणि हाताला गार लागतो, प्लॅस्टिकचा आवाज बद्द येतो.

पैसे मोजण्याआधी मॉडेल ज्या खऱ्या बोटीचं आहे ती ओळखता यायला हवी. या शर्यती अमेरिकेतल्या. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळचं लेक मिंग, ॲरिझोनात चँडलरजवळचं फायरबर्ड लेक, टेक्ससमधलं मार्बल फॉल्स ही त्यांची ओळखीची ठिकाणं. दोन बोटी सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे १,३२० फूट पळायच्या. सर्वात वेगवान वर्गाचं अंतर पुढे १,००० फुटांवर आणलं गेलं. मॉडेल कुठल्या काळातल्या बोटीचं आहे ते बैठकीवरून बरंचसं कळतं. जुन्या बोटींत चालक उघड्यावर बसलेला असतो, तर अलीकडच्या वेगवान वर्गांत तो बंद कॅप्सूलमध्ये असतो. बोट फुटली तर कॅप्सूल वेगळी होऊन चालकाला वाचवते. सत्तरच्या दशकातल्या रंगसंगतीवर कॅप्सूल बसवलेली दिसली, तर ती मूळ बोटीची प्रतिकृती नव्हे, कारखान्याने हाताशी असलेल्या दुसऱ्या साच्यात उरकलेलं काम आहे.

मग हलचा प्रकार पाहा. फ्लॅटबॉटमचा तळ सपाट असतो. त्याच्या मागच्या कडेला बिजागरीवर कॅव्हिटेशन प्लेट बसवलेल्या असतात. बोटीचं नाक किती उचलायचं हे त्या ठरवतात. मॉडेलमध्ये या पट्ट्या वेगळ्या भागाच्या हव्यात, हलमध्येच ओतलेल्या नकोत. हायड्रो या प्रकाराला पुढे दोन्ही बाजूंना स्पॉन्सन, म्हणजे बाहेर आलेले तरंगते भाग असतात. पूर्ण वेगात ही बोट दोन स्पॉन्सन आणि अर्धा पाण्याबाहेर आलेला पंखा (प्रोपेलर) अशा तीन बिंदूंवर टेकते. म्हणून हायड्रोच्या मॉडेलमध्ये पंख्याचा दांडा तळाशी कुठल्या कोनात बाहेर येतो ते बघावं. तो सरळ खाली झुकलेला असेल, तर नमुना करणाऱ्याने बोट नीट पाहिलेलीच नाही. जेट बोटीला पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं आणि मागच्या नळीतून जोरात फेकलं जातं. जेटच्या मॉडेलवर पंखा आणि सुकाणू दिसले तर ते दुसऱ्या बोटीचे भाग आहेत.

बराच वेळ द्यावा तो इंजिनाला, कारण हल कसाही चकचकीत करता येतो, पण मेहनत लपत नाही ती इथे. दहापट भिंग घ्या आणि वरून खाली या. सर्वात वर इंजेक्टरची टोपी असते, तिच्यातून हवा आत जाते. तिच्या तोंडाशी हवेच्या झडपा कोरलेल्या हव्यात, नुसता काळा रंग भरलेला नको. तिच्याखाली ब्लोअर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारं यंत्र. त्याचे ६-७१, १४-७१ असे आकडे जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनांच्या नावांच्या धर्तीवर आले आहेत. ६-७१ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच. आकडा जितका मोठा तितका ब्लोअर लांब, म्हणून खऱ्या बोटीच्या फोटोशेजारी धरून लांबी ताडून बघा. ब्लोअरचा पट्टा दातेरी असतो. चांगल्या मॉडेलमध्ये दाते दिसतात आणि पट्टा दोन्ही पुलींवर ताणून बसलेला असतो. रबराचा पट्टा पंधरा-वीस वर्षांत चिकट होतो किंवा तडकतो. विकणाऱ्याकडे त्याचा जवळून काढलेला फोटो मागायचा. नंतर प्लगच्या वायरी मोजा. नायट्रोमिथेन या शर्यतीच्या इंधनावर चालणाऱ्या हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाच्या) इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एकूण १६ वायरी आणि प्लगना ठिणगीची वीज देणारे दोन मॅग्नेटो. वर्ग टॉप फ्युएल (म्हणजे याच इंधनाचा सर्वात वेगवान वर्ग) लिहिलाय आणि वायरी आठच, तर काम अर्धवट आहे. झूमी पाईपची, म्हणजे वर वळलेल्या धुराच्या नळ्यांची टोकं पोकळ हवीत. भरीव टोकाला काळा ठिपका दिलेला असेल तर किंमत त्या मानाने कमी धरा.

मापाचा हिशेब घरच्या कपाटावर करा. १८ फुटी बोट १:२४ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाच्या मापात, सुमारे २३ सेंटीमीटर भरते, १:१८ मध्ये ३०.५ आणि १:६४ मध्ये साडेआठ. ट्रेलरसह मॉडेल याहून लांब होतं, आणि पाईप व मागचा पंख धरून उंचीही वाढते. फळीची खोली मोजल्याशिवाय १:१८ घेऊ नये. बारकावे आणि जागा या दोन्हींचा मेळ १:२४ मध्येच बसतो. १:६४ मध्ये इंजिन म्हणजे एक ढेकूळ असतं. तिथे जमवायच्या त्या रंगसंगती.

जुन्या बाजारात नाव शोधताना एक घोळ ठरलेला आहे. बोटी आणि गाड्या दोन्ही पळवणारे शर्यतपटू एडी हिल यांनी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिला इथे पाण्यावर ताशी २२९ मैलांचा विक्रम केला आणि १९८८ मध्ये जमिनीवरच्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टरमधून (सरळ शर्यतीच्या गाडीतून) पाव मैल ४.९९० सेकंदांत कापलं. नुसत्या नावाने शोधलं की गाड्यांची मॉडेल्सच पुढे येतात. नावाबरोबर ‘हायड्रो’ किंवा ‘ड्रॅग बोट’ टाका.

विकणाऱ्याकडून किमान सहा फोटो हवेत: दोन्ही बाजू, वरून, मागून, तळ, आणि सुट्या भागांसह उघडा खोका. हरवलेले असतात ते भाग नेहमी तेच: पंखा, सुकाणू, पॅराशूटची पिशवी, कॅप्सूलचं झाकण, ट्रेलरचा विंच. हे सुटे मिळत नाहीत. बोटींची मॉडेल्स मोटारींच्या मानाने फारच थोडी निघाली, त्यामुळे दुसऱ्या मोडक्या मॉडेलमधून भाग काढणं हाच मार्ग उरतो. मर्यादित आवृत्तीचं प्रमाणपत्र असेल तर त्यावरचा क्रमांक आणि मॉडेलच्या तळावरचा क्रमांक जुळतोय का पाहा.

धातूच्या डेकवर रंग फुगलेला, केसासारख्या बारीक चिरा किंवा किंचित वाकलेली कड दिसली तर हात आखडता घ्या. ही जस्ताची कीड. मिश्रधातूत शिसं, कथील किंवा कॅडमियम यांचा अंश राहिला की धातूचे कण आतून सुटायला लागतात. उष्मा आणि दमट हवा ते काम वेगाने करतात. यावर उपाय नाही, रंग चढवूनही ते थांबत नाही. ती एका मॉडेलमधून शेजारच्याला मात्र लागत नाही. डेक आणि तळ जुळतात त्या फटीचा वर्षातून एकदा त्याच कोनातून फोटो काढून ठेवला, की फट रुंदावतेय का ते लगेच कळतं.

साफसफाईला मऊ मेकअप ब्रश पुरतो. धूळ चिकटलीच असेल तर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाकून कापसाच्या काडीने पुसा आणि लगेच कोरडं करा. क्रोम दिसणारे पाईप म्हणजे प्लॅस्टिकवर चढवलेला अतिपातळ धातूचा थर आहे. अल्कोहोल किंवा काच पुसायच्या अमोनियावाल्या द्रवाने तो निघून खालचं प्लॅस्टिक उघडं पडतं. सुटलेला भाग पारदर्शक झाकणाजवळ असेल तर झटपट चिकटणारा सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने झाकण धुरकट होतं. तिथे पांढरा पीव्हीए गोंद टाचणीच्या टोकाने लावा आणि रात्रभर राहू द्या.

ट्रेलरच्या चाकांकडे दुर्लक्ष होतं आणि नुकसान तिथूनच होतं. मऊ पीव्हीसी टायरमधलं मऊपणा देणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि खालच्या प्लॅस्टिकच्या तळपाटाला वितळवून टायर त्यात रुतवतं. ॲक्सलखाली दोन मिलिमीटरचा ठोकळा द्या म्हणजे चाकं अधांतरी राहतील. ते जमत नसेल तर खाली पॉलिएस्टर फिल्मची पट्टी ठेवा. बोटीचं वजन पंखा किंवा सुकाणूवर कधीच येऊ देऊ नका. ट्रेलरच्या मऊ गाद्याही हलच्या रंगावर ठसे उमटवतात, म्हणून लांबलचक साठवणीसाठी बोट उतरवून वेगळ्या स्टँडवर ठेवलेली बरी.

कपाटातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आत ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या वेळोवेळी वाळवा. थेट ऊन नको. लाल रंग सर्वात आधी उडतो. मूळ खोक्यातला फोम जुना झाला की चिकट होऊन रंगाला धरतो, म्हणून मॉडेलभोवती ॲसिड नसलेला टिश्यू गुंडाळून मगच खोक्यात ठेवा. बबल रॅप रंगाला थेट लावला तर गोल डाग कायमचे राहतात. पाठवायचं असेल तर पॅराशूट, पंख आणि काढता येणारं झाकण काढून वेगळ्या पाकिटात घाला. ट्रेलर आणि बोट वेगवेगळे बांधा, आणि मूळ खोका दुसऱ्या खोक्यात सर्व बाजूंनी पाच सेंटीमीटर जागा सोडून बसवा. ट्रेलरवर बांधलेली बोट तशीच पाठवली, की धक्क्यात हल पुढे सरकतो आणि पहिल्यांदा सुकाणूच तुटतं.