वाचनगटात ओयोनो कसा वाचावा

कॅमेरूनच्या फर्डिनान्ड ओयोनोची ‘द ओल्ड मॅन अँड द मेडल’ इंदूरच्या मराठी वाचनगटात घ्यायची असेल, तर अख्खी कादंबरी एका बैठकीत उरकू नका. पदकदानाचा एकच प्रसंग निवडा आणि त्याला पुरते दोन तास द्या.

पार्श्वभूमीला पाच मिनिटं पुरतात. मूळ पुस्तक फ्रेंच, १९५६ चं. फ्रेंच कॅमेरून स्वतंत्र झालं १ जानेवारी १९६० ला, म्हणजे पुस्तक निघालं तेव्हा साहेब खुर्चीवरच होता. गोऱ्यांची वस्ती वेगळी का, हे इंदुरात समजावावं लागत नाही. होळकरांच्या राजधानीत इंग्रजांचा रेसिडेन्सीचा इलाखा निराळाच होता, एवढी आठवण करून द्या. याहून जास्त इतिहास आधी सांगितला की मंडळी परीक्षेला बसल्यासारखी बसतात, हसत नाहीत. आणि हसू आलं नाही तर हा प्रसंग वाया गेला.

एकाने इंग्रजी अनुवादातला परिच्छेद वाचावा, दुसऱ्याने लगेच तोंडी मराठी करावं. आवाज साधा ठेवा. खोचक सूर लावला की उपरोध तिथेच मरतो, कारण पदक घेणारा म्हातारा, मेका, स्वतः कुणाची टिंगल करत नाही. त्याचा सोहळ्यावर मनापासून विश्वास आहे.

आता पेन्सिल घ्या आणि फक्त शरीराचे उल्लेख अधोरेखित करा. मेका १४ जुलैच्या, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाच्या उन्हात, चुन्याने आखलेल्या वर्तुळात उभा आहे. नवे बूट चावताहेत, लघवीला लागली आहे, हलायची सोय नाही. त्याची जमीन मिशनला गेली, दोन मुलगे फ्रान्ससाठी लढताना मेले, आणि त्याबद्दल हा मान! लेखक टीकेचा एक शब्द लिहीत नाही. पाय किती दुखतात तेवढंच सांगत राहतो.

मग विचारा: आपण हसलो ते कुणाला? गट हमखास घसरतो तो इथेच. ‘बिचारा भाबडा’ असं कुणीतरी म्हणतं आणि मेकाच हास्यास्पद ठरतो. वाद घालू नका, लगेच मेकाची बायको केलारा हिचा भाग वाचा. गर्दीतला एक शेरा कानावर पडतो आणि केलाराला रडू कोसळतं. दोन मुलांच्या बदल्यात काय मिळालं, हे तिला एका क्षणात कळतं. आपलं हसू कुठे वळायला हवं होतं, ते त्यानंतर सांगावं लागत नाही.

वेळ उरला तर ओयोनोच्याच, त्याच वर्षीच्या ‘हाउसबॉय’ कादंबरीतला एक भाग घ्या. साहेबाची सुंता झालेली नाही हे नोकर तुंदीला दिसतं आणि त्याच्या मनातली भीती संपते. मिश्र गटात संकोचाने हा भाग गाळला जातो; गाळू नका, सत्तेचा दरारा इतक्या थोडक्यात उतरवलेला क्वचितच सापडतो.

पुढच्या बैठकीला कुणाच्या घरी जुनी रावसाहेब-रावबहादूर पदवीची सनद असेल तर आणायला सांगा. मात्र ती मेकाच्या पदकासारखीच आहे असं आधीच ठरवू नका. ती कुणाला, कशाच्या बदल्यात मिळाली होती, हे आधी घरच्यांना विचारा.